डांगच्या मोकळ्या रस्त्यांवर सायकल : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गुजरातच्या डांग जिल्ह्यात आहव्याहून महालकडे उतरताना मी अधूनमधून पेडल मारणं थांबवते. फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी चालू राहते, आणि मग एकेक आवाज वेगळा कळायला लागतो. सागाचं पान गळून फांदीवर आपटतं तो. खाली ओढ्यात म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजते तो. दोन वळणं पलीकडे एखादी जीप येत असेल, तर तिचा गिअर बदलल्याचा आवाज आधी येतो आणि जीप बऱ्याच वेळानं दिसते. नाशिकच्या रस्त्यांवर सायकल शिकलेल्या मला पहिल्यांदा हे जाणवलं तेव्हा मी रस्त्याकडेला थांबून नुसती ऐकत उभी राहिले होते.

नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे सापुतारा साधारण 80 किलोमीटर. तिथून पुढे डांग जिल्हा सुरू होतो. आपल्याकडची बहुतेक माणसं सापुताऱ्याच्या तळ्यावर बोटीत बसून परत फिरतात, आणि खरा डांग त्याच्या मागे राहून जातो. 2011 च्या जनगणनेत या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या 2 लाख 28 हजार होती, गुजरातमधली सर्वांत कमी. मोठा कारखाना नाही, मोठं शहर नाही, बहुतेक जमीन जंगलाची. नव्या सायकलस्वारानं घाट शिकावा, जंगलातून चालवायला शिकावं, तर इथं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आधी थोडी तयारी हवी. ती कशी करायची ते क्रमानं सांगते.

आधी रस्ता निवडा, मग मुक्काम

बहुतेक जण उलट करतात. हॉटेल बुक करतात आणि मग आजूबाजूला कुठे सायकल चालवता येईल ते शोधतात. त्यामुळे सापुताऱ्यात राहतात आणि सापुतारा-वघई रस्त्यावर सायकल काढतात. तो रस्ता दिसायला सुंदर आहे, पण नाशिक-सुरत वाहतूक त्यावरूनच जाते. घाटात मागून ट्रक आला की नवख्या माणसाचे हात हँडलवर गच्च होतात, आणि गच्च हातांनी वळण नीट घेता येत नाही.

रस्ता मोकळा असेल की नाही हे घरबसल्या नकाशावर बऱ्यापैकी कळतं. रस्त्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: या रस्त्यानं कुणाचा वेळ वाचतो? दोन मोठ्या गावांमधलं अंतर त्यानं कमी होत असेल, तर ट्रक येणारच. तो एखाद्या प्रसिद्ध धबधब्याला किंवा देवस्थानाला जाऊन मिळत असेल, तर शनिवार-रविवारी मोटारी येणार. त्याच्या टोकाला खडीची खाण किंवा साखर कारखाना असेल, तर तो सोडून द्या. यातलं काहीच नसेल, रस्ता वळणं घेत चार पाड्यांना स्पर्श करत नदीपर्यंत जात असेल आणि जवळून दुसरा सरळ मोठा रस्ता असेल, तर तोच आपला.

हीच कसोटी डांगला लावून बघा. सापुताऱ्याहून घाट उतरलं की शामगहाणला फाटा फुटतो. डावीकडची मोठी वाहतूक साकरपातळवरून वघईकडे जाते. दुसरा रस्ता आहव्याला जातो, सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर, आणि फाटा सोडला की दोन किलोमीटरांत फरक कळतो. आहवा हे जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी छोटंसं गाव आहे. तिथून महाल, सुबीर, वघई अशा तीन दिशांना रस्ते जातात. म्हणून मुक्काम आहव्यात करावा. लहान हॉटेलं आहेत, सरकारी विश्रामगृह आहे. महालला पूर्णा नदीच्या काठी वनखात्याचं कॅम्पसाइट आहे, त्याचं बुकिंग मात्र आधीच करून ठेवावं.

मोकळा रस्ता म्हणजे एकही वाहन नाही असं समजू नका. तासाला चार-पाच मोटारसायकली, एखादी खच्चून भरलेली जीप आणि गुजरात एसटी एवढं असतंच. आहव्यात आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन तुमच्या रस्त्याची पहिली बस किती वाजता आहे ते विचारून घ्या. अरुंद वळणावर तिची गाठ पडण्यापेक्षा तिच्यानंतर निघालेलं बरं.

महिना आणि वार

माझी पसंती ऑक्टोबरचा शेवट ते जानेवारी. पावसाळ्यात डांग हिरवागार असतो हे खरं, पण तेव्हा गिरा धबधबा बघायला गर्दी लोटते, ओढ्यावरचे फरशी पूल पाण्याखाली जातात आणि डांबरावर शेवाळ धरतं. पहिली फेरी पावसात नको. ऑक्टोबरात सागाची पानं अळ्यांनी खाऊन जाळीदार झालेली असतात, उन्हात धरली तर चाळणीतून ऊन पडावं तसं दिसतं. भात कापणीला आलेला असतो, नागली म्हणजे नाचणी शेतात उभी असते.

दिवाळीनंतर एक वेगळंच चित्र दिसतं, ते माहीत असावं. ऊसतोडीसाठी डांगमधली कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात. सकाळच्या वेळी भांडी, गाठोडी, कोंबड्या आणि पोरं घेऊन भरलेले ट्रक आहव्याच्या बाजूनं खाली जाताना दिसतात. पुढे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पाड्यावर थांबलात तर फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटतात. रस्ते तेव्हा जास्तच शांत असतात. त्या शांततेचं हेही एक कारण आहे हे लक्षात ठेवून तिथून जावं असं मला वाटतं.

फेब्रुवारीपासून साग उघडा पडायला लागतो आणि सावली जाते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायका-मुलं मोहाची फुलं वेचत रस्त्याच्या कडेनं वाकलेली असतात. सायकलचा आवाज होत नाही, म्हणून लांबूनच घंटी वाजवा. होळीच्या आधीचे काही दिवस आहव्यात डांग दरबार भरतो. डांगच्या राजांना तिथं सरकारकडून सालाबादाचं मानधन दिलं जातं. इंग्रजांनी 1842 मध्ये सागवानासाठी भिल्ल राजांकडून हे जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं, त्या व्यवहारापासून चालत आलेली ही प्रथा आहे. दरबार जरूर बघा, पण सायकल घेऊन नका जाऊ. आहव्यात त्या दिवसांत खोली मिळत नाही आणि एरवी रिकामे असलेले रस्ते जत्रेच्या जीपांनी भरतात.

वार म्हणाल तर मंगळवार ते गुरुवार. रजा टाकावी लागली तरी टाका. शनिवार-रविवारी सापुताऱ्याची गर्दी आता डोनसारख्या ठिकाणांकडेही वळू लागली आहे.

सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही, सोपा गिअर मात्र लागतोच. पुढे 34 दातांचं छोटं चक्र आणि मागच्या कॅसेटचं (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं) सर्वांत मोठं चक्र किमान 32 दातांचं असेल, तर नवखा माणूस इथले चढ बसून चढू शकतो. शर्यतीच्या सायकलचे 25 मिलिमीटरचे टायर चालतात, पण 28 किंवा 32 बसत असतील तर तेच बसवा. डांबर सगळीकडे सारखं नाही. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरू नका. थोडी कमी हवा खडबडीत रस्त्यावर पकडही देते आणि हाताला झिणझिण्याही येऊ देत नाही.

दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, चेनची जोडकडी, ॲलन की. आहव्यात साध्या सायकलचं पंक्चर काढून मिळेल, पण रोड सायकलची पातळ ट्यूब मिळेल असं धरून चालू नका. बांबूची बारीक कुसळं इथं टायरमध्ये घुसतात, काट्यापेक्षा तीच जास्त. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. कुसळ सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, नाहीतर दहा मिनिटांत तीही जाईल. ही सगळी कामं घरी अंगणात एकदा स्वतःच्या हातानं करून बघितलेली असावीत.

निघण्यापूर्वी स्वतःचीही परीक्षा घ्या. नाशिकमध्ये असाल तर त्र्यंबकेश्वरला जाऊन या, येऊन-जाऊन 55-60 किलोमीटर होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकलवर बसावंसं वाटलं, तर तुम्ही डांगला तयार आहात. सायकल मोटारीच्या कॅरिअरवर टाकून आहव्यापर्यंत नेणं सगळ्यांत सोपं. पहिल्याच वेळी नाशिकपासून चालवत जाण्याचा हट्ट नको, वणीपर्यंतची रहदारीच जीव काढते.

एक गोष्ट महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी विसरू नये: गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि सीमेवरच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. बॅगेत एक बाटलीसुद्धा नको.

पाणी, आणि परतीचा चढ

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझी पहिली चूक इथंच झाली.

आहवा उंचावर वसलेला आहे. नद्या खाली. पूर्णा, अंबिका, खापरी, गिरा या चारही नद्यांनी हा मुलूख कापला आहे, आणि मोकळे रस्ते बहुतेक नदीकडेच उतरतात. म्हणजे सकाळी ताज्या पायांनी तुम्ही उतरता, आणि चढ शिल्लक राहतो तो दुपारी, ऊन तापल्यावर, पाय थकल्यावर. सह्याद्रीतल्या किल्ल्याच्या अगदी उलट. जाताना वेळेचा अंदाज चुकतो तो यामुळेच: पंचवीस किलोमीटर सव्वा तासात झाले की माणूस मनात म्हणतो, परतही तेवढ्यातच येऊ.

पहिल्या वेळी मी महालला नदीकाठी साडेअकरापर्यंत बसून राहिले आणि निघाले तेव्हा एकच बाटली भरलेली होती. चढाच्या मध्यावर ती संपली. पिंडऱ्यांत गोळे आले, डोकं ठणकायला लागलं, आणि सायकल हातात धरून चालायची वेळ आली. एका कुडाच्या घराबाहेर एक म्हातारी बांबूची टोपली विणत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनं हातातली पट्टी खाली ठेवली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, आणि मी ते घटाघटा प्यायला लागले तसा माझा हात धरून म्हणाली, "हळू पी, बाई." मग वाटीत नागलीची पेज दिली, मीठ घातलेली. अर्धा तास तिच्या ओट्यावर बसले तेव्हा पुढचा चढ झाला. तेव्हापासून माझा नियम असा:

सायकलवर दोन बाटल्या, पाठीवर किंवा बॅगेत आणखी लिटरभर. एका बाटलीत मीठ, साखर आणि लिंबू. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. प्रत्येक हातपंपाला बाटल्या काठोकाठ भरायच्या, अर्धी भरलेली असली तरी. पोट नाजूक असेल तर क्लोरीनच्या गोळ्या जवळ ठेवा. आणि परतीचा चढ साडेनऊ-दहाच्या आत सुरू करायचा. नदीकाठी कितीही छान वाटलं तरी.

खाण्याची काळजी नको. पोहे, शेंगदाण्याची चिक्की, केळी बरोबर असू द्या. परत आल्यावर नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि लाल मिरचीचा ठेचा शोधून खा. बायकांच्या बचत गटांनी चालवलेली 'नाहरी' नावाची जेवणघरं या भागात आहेत. नाव ऐकलं की आपली न्याहारी आठवते, आणि शब्द तोच आहे.

चढताना, उतरताना

चढाला गिअर आधीच हलका करा. जोर लावून पेडल मारताना गिअर बदलला की चेन कटकट करते, कधी निसटते. बोलता येईल इतक्या दमानं चढा. वाक्य पूर्ण होत नसेल तर वेग जास्त आहे.

उताराला मात्र जास्त लक्ष द्यायला हवं. मोकळ्या रस्त्याचा धोका वेगळा असतो: समोरून काही येत नाही याची सवय होते, आणि वळण घेताना सायकल नकळत उजव्या बाजूला जाते. नेमक्या त्याच वळणावर तिघं बसलेली मोटारसायकल येते, तीही इंजिन बंद करून, कारण पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची इथं सवय आहे. म्हणजे कानांवर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. तेव्हा रस्ता कितीही रिकामा असो, डावी बाजू सोडायची नाही. कानात इअरफोन तर अजिबात नकोत.

ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापतात. त्यापेक्षा दाबा, सोडा, दाबा. वळणाच्या आतल्या बाजूला खडी साचलेली असते. हिवाळ्याच्या शेवटी सागाची ताटाएवढी पानं कडेला साठतात आणि खालचे खड्डे झाकून टाकतात. दव पडलेल्या पानावरून चाक साबणावरून सरकावं तसं सरकतं. पानांचा थर दिसला की त्याच्या बाहेरून जा, जाता येत नसेल तर हँडल सरळ ठेवून, ब्रेक न मारता पार करा. गुरांचा कळप आडवा आला तर थांबा. म्हशी सायकलला बुजतात. गुराखी सांगेल तेव्हाच निघा.

जंगलात कसं वागायचं

इथं बिबटे आहेत. घाबरायचं कारण नाही, पण वेळ पाळायची. नोव्हेंबर-डिसेंबरात पुरेसं उजाडायला पावणेसात-सात होतात. त्याआधी गाव सोडू नका, आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामी या. महालचा परिसर पूर्णा अभयारण्यात येतो. डांबरी सार्वजनिक रस्ता सोडून आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका.

मोबाइलला रेंज मध्येच असते, मध्येच नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी कोणत्या रस्त्यानं जाताय, कधी परत येणार ते सांगून निघा. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक गुजरातमध्येही चालतो.

पाट्या गुजरातीत असतात. शिरोरेषा पुसलेली देवनागरी समजून वाचायला लागा, बरंच लागतं. क, ख, च, ज, फ, ब अशी काही अक्षरं वेगळी आहेत, तेवढी आदल्या रात्री गिरवून ठेवा. बोलण्याची अडचण येत नाही. डांगी बोली आपल्या कानाला अहिराणी आणि मराठीच्या मधली वाटते. डांग कुणाचा यावर संयुक्त महाराष्ट्राच्या काळात मोठा वाद झाला होता, आणि 1960 मध्ये जिल्हा गुजरातकडे गेला. रस्त्यावर मात्र "राम राम" म्हटलं की "राम राम"च येतं. म्हणत जा. तुम्ही त्यांच्या अंगणावरून जात असता.

मुलं सायकलमागे धावतात. चॉकलेटं वाटू नका. एकदा वाटली की पुढच्या प्रत्येक सायकलवाल्यापुढे हात पसरले जातात. त्यापेक्षा थांबून शर्यत लावा. पोरं अनवाणी पायांनी चढावर तुम्हाला मागे टाकतील. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 4 बाय 400 रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातली सरिता गायकवाड याच डांगची. हे नाव तुम्ही घेतलंत की पोरांचे चेहरे बघा.

पहिले दोन दिवस असे घालवा

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आहव्यात पोहोचा. संध्याकाळी शामगहाणच्या रस्त्यावर फक्त आठ किलोमीटर जा आणि परत या. ब्रेक, गिअर, हवा तपासायला आणि कान या शांततेला सरावायला एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी उजाडताच महाल. उतार सावकाश, नदीवर अर्धा तास, बाटल्या भरून परतीचा चढ. साधारण पन्नास किलोमीटर होतात, बाराच्या आत खोलीवर याल.

तिसरा दिवस हाताशी असेल आणि पाय साथ देत असतील, तर आहव्याहून वघई, 32 किलोमीटर. या दिशेनं उतार जास्त, त्यामुळे बरोबरच्या कुणालातरी मोटार घेऊन वघईला यायला सांगा. तिथं वनस्पती उद्यान आहे. बिलिमोऱ्याहून येणाऱ्या नॅरोगेज रेल्वेचं शेवटचं स्टेशनही तिथंच. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या काळातली ही लाइन, रूळ इतके जवळजवळ की खेळण्यातले वाटावेत. गिरा धबधबा वघईजवळच आहे. सुबीरकडच्या गिरमाळ धबधब्याशी त्याची गल्लत करू नका, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना आहेत आणि एकाच्या ऐवजी दुसरीकडे सायकल वळली तर अख्खा दिवस जाईल.

पुढच्या खेपेसाठी नवा रस्ता हवा असेल, तर आहव्याच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरला विचारा: कोणत्या रस्त्यावर दिवसात एकच बस जाते आणि रात्री शेवटच्या गावातच मुक्कामाला थांबते? तो सांगेल ते नाव लिहून घ्या.